पहिला ट्रम्पेट काळी पाचचाच

ट्रम्पेट घ्यायचा असे ठरवून माणूस शोधाला लागला की पहिल्याच दिवशी त्याचा गोंधळ उडतो. बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट, पिकोलो, पॉकेट, रोटरी, कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न अशी नावे एकामागून एक समोर येतात. प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि विक्रेता बहुधा जो शिल्लक आहे तोच नवशिक्यासाठी उत्तम असे सांगतो. सोलापुरात हा प्रश्न सहसा तीन प्रकारच्या घरांतून येतो. शाळेच्या बँडपथकात मुलाची किंवा मुलीची निवड झाली आहे असे एक घर. बँडचा व्यवसाय वडिलोपार्जित आहे आणि आता पुढच्या पिढीच्या हातात वाद्य द्यायचे आहे असे दुसरे. आणि पोलीस भरतीत बँड्समन हे वेगळे पद असते हे पाहून तयारीला लागलेल्या तरुणाचे तिसरे. तिघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी माझ्या मते उत्तर एकच आहे. पहिला ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भाषेत काळी पाचचा घ्यावा, बाकीच्या प्रकारांकडे निदान दोन वर्षे पाहू नये, आणि प्रकार निवडण्यात जी शक्ती खर्ची पडते ती व्हॉल्व्ह तपासण्यात घालावी. हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण याच्या उलट सल्ला देणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे काही मुद्दे खरे आहेत.

आधी हे प्रकार होतात कशामुळे ते पाहू. ट्रम्पेट म्हणजे पितळी नळीत कोंडलेली हवा. माउथपीसवर ओठ टेकवून फुंकले की ओठ थरथरतात, नळीतली हवा त्या थरथरीला साथ देते आणि भोंग्यातून सूर बाहेर पडतो. नळी जेवढी लांब तेवढा सूर खालचा. पण एका लांबीच्या नळीतून वाटेल तो सूर निघत नाही, ठरावीकच निघतात. सरगमीत सांगायचे तर खालून सा, प, मग वरच्या सप्तकातले सा, ग, प, आणि त्याच्याही वरचा सा. शिंग, तुतारी आणि परेडचा बिगुल यांचा सगळा कारभार एवढ्याच सुरांत चालतो, कारण त्यांच्या नळीची लांबी वाजवताना बदलता येत नाही. तुतारीने स्वागत होते, बिगुलाने सलामी होते, पण त्यांवर भावगीत वाजत नाही ते यामुळे. युरोपातही शेकडो वर्षे ट्रम्पेटची हीच स्थिती होती. १७९६ मध्ये संगीतकार हायडनने ट्रम्पेटसाठी आपली प्रसिद्ध रचना लिहिली ती आंटोन वाइडिंगर या वादकाच्या प्रायोगिक वाद्यासाठी. त्याच्या नळीला भोके पाडून वर झाकणे बसवलेली होती. मग १८१८ मध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचे पेटंट घेतले, १८३९ मध्ये पॅरिसच्या पेरिनेने आज आपण वापरतो त्या घडणीचा पिस्टन आणला, आणि तीन बोटांच्या दाबाने नळी हवी तेव्हा लांब करता येऊ लागली. मधला पिस्टन दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. बाजारात दिसणारे बहुतेक प्रकार याच यंत्रणेवर चालतात. फरक असतो तो मूळ नळी किती लांब आहे आणि भोंग्याकडे जाताना ती किती रुंदावत जाते एवढ्याचा.

बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडून मोजली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरते. एकही पिस्टन न दाबता तिच्यातून मिळणारा सा हार्मोनियमच्या काळी पाचला जुळतो. सी ट्रम्पेटची नळी थोडी आखूड, त्याचा सा पांढरी एक. डी म्हणजे पांढरी दोन, ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. पिकोलोची नळी जवळपास निम्मी, म्हणून त्याचा सा पुन्हा काळी पाचच, पण एक सप्तक वर. आता आपल्या बँडकडे पाहा. क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचा, युफोनियमही त्याच पट्टीचा. मास्तर एका वादकाला गाण्याचा जो सा सांगतात तोच सगळ्यांना लागू पडतो. अपवाद ऑल्टो सॅक्सोफोनसारख्या एखाददुसऱ्या वाद्याचा. अशा ताफ्यात सी ट्रम्पेट घेऊन उभा राहिलेला मुलगा मास्तरांनी सांगितलेल्या बोटांनीच वाजवेल आणि सगळ्यांच्या वर पूर्ण एका स्वराने लागेल. चूक त्याची नसेल, पण बोलणी त्यालाच बसतील. शिकवणारा मिळण्याचाही प्रश्न इथे येतो. सोलापुरात ट्रम्पेट शिकवू शकणारी माणसे म्हणजे बँडचे जुने वादक आणि पोलीस किंवा लष्करी बँडमधून निवृत्त झालेले लोक. त्यांची बोटे काळी पाचच्या वाद्यावर बसलेली असतात. पुस्तकाचेही तसेच. फ्रेंच कॉर्नेटवादक आर्बां यांचे १८६४ चे पॅरिसचे शिक्षणपुस्तक आजही जगभर ट्रम्पेटवाल्यांच्या स्टँडवर असते, तेही बी फ्लॅटच्या वाद्यावर जसेच्या तसे वाजवता येते.

पहिला आक्षेप गाणाऱ्यांकडून येतो. आपल्याकडे गायक काळी एकमध्ये गातात, पांढरी चारमध्ये गातात. मग ज्याचा सा पांढरी एक आहे असा सी ट्रम्पेट सोयीचा नाही का? हिशेब करून पाहिला तर नाही. बी फ्लॅट ट्रम्पेटवर पांढरी चारचा सा एकही पिस्टन न दाबता लागतो, काळी दोनचा सा फक्त पहिल्या पिस्टनवर, काळी एकचा दुसरा आणि तिसरा मिळून, पांढरी एकचा पहिला आणि तिसरा मिळून. म्हणजे काही पट्ट्या सोप्या, काही अवघड. सी ट्रम्पेटवरही नेमके असेच होते, फक्त सोप्या आणि अवघड पट्ट्यांची अदलाबदल होते. काळी एक तर त्यावर आणखीच अडचणीची पडते. कुठलाही ट्रम्पेट घेतला तरी सा हलवायला शिकणे चुकत नाही. तेव्हा जो सगळ्यांकडे आहे त्यावरच ते शिकलेले बरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ट्रम्पेटचे सूर ठरलेले, त्याच्यावर राग कसा वाजणार? कोमल-तीव्राच्या बारीक जागा, मींड, आंदोलन यांना तो वाकत नाही, असे अभिजात संगीताचे जाणकार म्हणतात. यात तथ्य आहे. सनईइतका किंवा क्लॅरिनेटइतका लवचिक ट्रम्पेट कधीच होणार नाही. पण ट्रम्पेटच्या आत एक गोष्ट आहे जी आपल्या कानाला अनुकूल आहे आणि जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. पिस्टन न दाबता वरच्या सप्तकात जो ग निघतो, तो नळीचा नैसर्गिक पाचवा सूर असतो. कीबोर्डच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो, आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कान देऊन ऐकू येणाऱ्या गंधाराशी जुळतो. पाश्चात्त्य वादकाला तो ओठाने वर चढवावा लागतो. भूप किंवा यमन वाजवणाऱ्याने तो आहे तसाच ठेवावा. खालच्या सप्तकातला कोमल रे मात्र त्रास देतो. तो तिन्ही पिस्टन एकदम दाबून मिळतो, आणि इथे नळीचा हिशेब जुळत नाही. दुसऱ्या पिस्टनची जोडनळी साधारण नऊ सेंटिमीटर, पहिल्याची अठरा, तिसऱ्याची अठ्ठावीस, मिळून पंचावन्न. पण तीन पूर्ण स्वर उतरायला हव्यात एकसष्टच्या आसपास. ही तूट राहिल्यामुळे सूर चढा लागतो. म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला, म्हणजे सरकत्या जोडनळीला, बोट अडकवायची कडी दिलेली असते. तो सूर आला की डाव्या हाताच्या बोटाने स्लाइड पुढे ढकलायची आणि लगेच मागे घ्यायची. लग्नाच्या शेवटी भैरवी वाजवणाऱ्याला ही सवय नसेल तर कोमल रे दर वेळी चढा लागतो आणि ऐकणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही. स्वस्त वाद्यात ही स्लाइड बहुतेकदा जाम असते. घेताना ती बोटाच्या हलक्या धक्क्याने सरकते का, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मींडेसाठी ओठाने सूर खाली-वर करणे आणि पिस्टन अर्धा दाबून घसरत जाणे हे दोन मार्ग आहेत. दोन्ही शिकवता येतात, दोन्हींना वेळ लागतो. लेबननच्या नस्सीम मालूफ यांनी अरबी संगीतातल्या पाव स्वरांसाठी चौथा व्हॉल्व्ह असलेला ट्रम्पेट करवून घेतला आणि त्यांचा मुलगा इब्राहिम मालूफ तो आज जगभर वाजवतो. ते वाद्य आपल्या रागसंगीताला उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते, पण ज्याला अजून तीन पिस्टन स्वच्छ वाजवता येत नाहीत त्याने चौथ्याच्या मागे लागू नये.

सी ट्रम्पेट पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी, ई फ्लॅट आणि डी हायडनच्या रचनेसारख्या जुन्या रचनांसाठी, पिकोलो संगीतकार बाखच्या काळातल्या उंच सुरांसाठी, फिरत्या व्हॉल्व्हचा रोटरी जर्मनी-ऑस्ट्रियाच्या परंपरेसाठी. या सगळ्यांचे सोलापुरात तूर्त काम नाही. पॉकेट ट्रम्पेटबद्दल मात्र सावध करायला हवे, कारण तो लहान मुलांचा ट्रम्पेट म्हणून पालकांच्या गळ्यात मारला जातो. दिसायला तो तळहाताएवढा असला तरी त्यात नळी तेवढीच १४८ सेंटिमीटरची, फक्त जास्त वेटोळी घातलेली. फुंकही तेवढीच लागते. उलट नळीला आवळून वळवल्यामुळे स्वस्त पॉकेट ट्रम्पेटचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ज्या वयात कान तयार व्हायचा त्याच वयात तो बिघडतो. लहान हातांसाठी खरा पर्याय कॉर्नेट आहे. त्याची पट्टी काळी पाच, नळीची लांबी तीच, बोटे तीच. पण नळी शंकूसारखी रुंदावत जाते आणि वाद्य आटोपशीर असते, त्यामुळे वजन अंगाजवळ राहते, मनगट दुखत नाही आणि आवाज गोल येतो. इंग्रजी पद्धतीच्या बँडमध्ये चाल धरण्याचे काम मुळात कॉर्नेटचेच. बँडच्या घरात आजोबांच्या काळचा कॉर्नेट माळ्यावर पडलेला असेल तर तो खाली काढून दुरुस्त करावा आणि दहा वर्षांच्या मुलाला तोच द्यावा. एकच पथ्य: कॉर्नेटच्या माउथपीसचा दांडा बारीक असतो. ट्रम्पेटचा माउथपीस त्यात बसत नाही. कागद गुंडाळून किंवा घासून बसवला तर दोन्ही वाया जातात.

आता तिसरा आक्षेप, जो घरातली मोठी माणसे घेतात. डीजेच्या काळात ट्रम्पेट शिकून करायचे काय? हा प्रश्न पोटाचा आहे, त्याला उत्साहाने उत्तर देऊन भागणार नाही. बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या हे खरे, आणि नुसत्या लग्नसराईवर वर्ष निघत नाही हेही खरे. पण सोलापूरचे वर्ष नुसत्या लग्नसराईचे नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ, मग गणपती आणि नवरात्र. इतक्या मिरवणुका असलेल्या शहरात जिवंत वाजवणाऱ्याची गरज संपत नाही. डीजेच्या भिंतींविरुद्ध लोकांचा आवाज वाढतो आहे, तसतशी ती पुन्हा वाढेल असे मानायला जागा आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात ब्रास बँडला जो मान मिळतो तो काही दयेपोटी मिळत नाही. लोक थांबून ऐकतात. आणि त्या बँडचे नाव मोठे करणाऱ्या घराण्याचे आडनाव सोलापूरकर आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जो नवा नाद आणला, त्यामागे हळदोण्याच्या गोवेकर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ होती. तो नाद आजही वरातीत वाजतो. शिवाय नोकरीची वाट आहे. पोलीस भरतीत बँड्समनची पदे निघतात, सोलापुरातच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि लष्करी संगीताचे शिक्षण पंचमढीला होते. पात्रता आणि परीक्षा त्या त्या जाहिरातीत पाहाव्यात; वाद्य स्वच्छ वाजवता येणे आणि शक्य तर स्वरलिपी वाचता येणे ही तयारी आधीपासून करता येते. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ट्रम्पेटही मोठाच वाजतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी नुसत्या ध्वनिक्षेपकांना नाही, उघड्यावरच्या वाद्यांनाही आहे. डीजेवाल्याला नियम दाखवणाऱ्या बँडने तो स्वतः पाळला पाहिजे.

खरेदीत मी व्हॉल्व्हवर एवढा भर देतो, कारण नवशिक्याचे निम्मे अपयश वाद्याचे असते आणि ते व्हॉल्व्हमधून येते. आपल्याकडच्या बँडची वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या मेरठहून येतात. तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ पासूनची. भारतीय वाद्य स्वस्त पडते, भाग मिळतात, गल्लीतला कारागीर त्याला हात लावायला घाबरत नाही. जपानी किंवा अमेरिकी विद्यार्थी मॉडेल, यामाहाचे वायटीआर २३३० सारखे, कितीतरी पट महाग, पण सुरात पक्के आणि जपले तर वीस वर्षे टिकणारे. माझा कौल असा: पैसे बेताचे असतील तर चकचकीत नवा अनोळखी ट्रम्पेट घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला विद्यार्थी ट्रम्पेट घ्यावा, पण तपासून. तपासणीला पाच मिनिटे लागतात. प्रत्येक पिस्टन सावकाश, थोडा तिरका दाबूनही पाहावा. तो कुठेही न अडकता वर आला पाहिजे. मग दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड पिस्टन न दाबता बाहेर ओढावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग पिस्टन दाबावा. ‘पॉक’ असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर हवा गळते आणि शिकणाऱ्याचा दम फुकट जाणार. हेच पहिल्या आणि तिसऱ्यावर करावे. माउथपीस बसतो त्या नळीत मोबाइलचा टॉर्च मारून पाहावे. पितळ आतून गुलाबी-लालसर डागाळले असेल तर त्यातले जस्त निघून गेले आहे आणि ती नळी आज ना उद्या फुटणार. भोंग्यावरचे पोचे दिसायला वाईट असतात, आवाजाला फारसे बाधत नाहीत. व्हॉल्व्हच्या नळकांड्याला पोचा असेल तर मात्र वाद्य तिथेच खाली ठेवावे. शेवटी ट्यूनर अ‍ॅपवर खालचा सा, प, वरचा सा वाजवून पाहावे. तिन्हींत एक जरी फार इकडेतिकडे असेल तर वाद्य स्वस्त का आहे ते कळते. स्वतःला वाजवता येत नसेल तर एखाद्या बँडवादकाला बरोबर न्यावे आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. माउथपीसचे म्हणाल तर बाख या कंपनीच्या मापात सेव्हन सी हा नवशिक्यासाठी रूढ आहे. आकडा जितका लहान तितका पेला रुंद, आणि अक्षर पेल्याची खोली सांगते. उंच सूर लागत नाहीत म्हणून उथळ माउथपीस घेणे ही दुधाची तहान ताकावर भागवणे झाले. उंची ओठांच्या ताकदीतून येते.

सोलापूरचे हवामान या वाद्याची परीक्षा पाहते. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि नळी तीच असूनही सूर चढतो. वीस अंशांवरून चाळीसवर गेले तर कागदावरचा फरक अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा जास्त निघतो; फुंकरीची ऊब आधीच नळीत असल्यामुळे प्रत्यक्षात तो कमी असतो, पण कीबोर्डबरोबर वाजवताना मे महिन्यात तो स्पष्ट ऐकू येतो. कीबोर्ड उन्हात आपली पट्टी सोडत नाही, म्हणून ट्रम्पेटलाच खाली यावे लागते. मुख्य ट्यूनिंग स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन्ही बाजूंनी मिळून दोन सेंटिमीटर लांबते आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव भागाने उतरतो. हा आकडा लक्षात ठेवला की मिरवणूक सुरू होताना अंदाजाने चाचपडावे लागत नाही. जानेवारीच्या रात्री गड्ड्यात उलटे होते: वाद्य गार, सूर उतरलेला. अशा वेळी स्लाइड आत घेण्याआधी दोन मिनिटे नुसती गरम फुंकर घालून वाद्य उबवावे. याच थंडीत खोबरेल तेलाचे दुष्परिणाम दिसतात. व्हॉल्व्हला खोबरेल लावणारे वादक अजून आहेत, आणि उन्हाळ्यात ते चालूनही जाते. पण खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठू लागते, आणि मिरवणुकीच्या मध्यावर पिस्टन वर येईनासा होतो. शिलाई मशीनचे तेल आपल्या गणवेश शिवणाऱ्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, पण तेही दाट पडते आणि धूळ धरते. व्हॉल्व्ह ऑइलची छोटी बाटली कित्येक महिने पुरते. तिथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

तेलाइतकाच शत्रू म्हणजे गुलाल आणि भंडारा. ही बारीक पूड घामाबरोबर बोटांवरून पिस्टनच्या कडेने आत उतरते आणि तेलात मिसळून पितळावर बारीक चरे पाडते. एका हंगामात चांगला व्हॉल्व्ह ढिला पडतो तो यामुळे. उपाय साधा आहे. गुलाल उधळला जात असताना वाजवत नसाल तेव्हा वाद्यावर पातळ सुती फडके टाकावे, आणि घरी आल्यावर त्याच रात्री तिन्ही पिस्टन काढून पुसून, तेल घालून परत बसवावेत. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. अदलाबदल झाली तर हवा अडते आणि वाद्य बिघडले असे वाटते. महिन्यातून एकदा सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात साबणाचे थोडे थेंब टाकून धुवावे. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात हे जिवावर येते हे मान्य, पण त्याला एक बादली पुरते. गरम पाणी वापरू नये, लॅकर उडतो. उसाचा रस किंवा सरबत पिऊन लगेच वाजवू नये, चूळ भरावी.

सरावाबद्दल. पुढचे पक्के दात आल्याशिवाय ट्रम्पेट सुरू करू नये. दहाव्या वर्षाच्या आसपास वय योग्य. मुलींना दम पुरत नाही, हा समज खोटा आहे. ट्रम्पेटला हवा बासरीपेक्षाही कमी लागते, लागतो तो ओठांचा आणि पोटाचा ताबा, आणि तो मुलगा-मुलगी पाहून येत नाही. पहिले सहा महिने रोज पंधरा मिनिटांच्या दोन बैठका पुरेत: लांब, स्थिर सूर, मग पिस्टन न दाबता सा-प-सा असे ओठांनीच चढणे-उतरणे. जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ ओठांना विश्रांती द्यावी. उंच सुरासाठी वाद्य ओठांवर दाबण्याची सवय लागली की ती सुटत नाही आणि ओठ आतून दुखावतात. मिरवणुकीत चार-चार तास एकट्याने चाल ओढणाऱ्या वादकाचे हेच होते. बँडमालकांनी दोन ट्रम्पेटवाल्यांत ओळी वाटून द्याव्यात, म्हणजे एकाचे ओठ विसावतील आणि आवाजही ताजा राहील. तंबाखू-गुटख्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. गुटख्याने तोंडाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. ज्या माणसाचे पोट ओठांवर चालते त्याला हे परवडणारे नाही, आणि हे पोरांना वाद्य हातात देतानाच सांगावे. हलगीच्या शेजारी उभे राहून वाजवणाऱ्याने कानात बोळे घालावेत. चाळीत किंवा वाड्यात सराव करायचा असेल तर भोंग्यात बसणारा प्रॅक्टिस म्यूट घ्यावा, पण रोजच्या सरावातला निम्मा तरी भाग मोकळ्या भोंग्याने, गच्चीवर किंवा मैदानावर व्हावा. सतत म्यूट लावून वाजवणाऱ्याचा स्वतःच्या आवाजाचा अंदाज चुकतो.

दोन वर्षे झाली, तिन्ही पिस्टनवर बोटे बसली, सा कुठूनही धरता येऊ लागला, की मग दुसऱ्या वाद्याचा विचार करावा. तेव्हाही सी किंवा पिकोलो घेऊ नये असे मी म्हणेन. फ्लुगलहॉर्न घ्यावा. त्याची पट्टी काळी पाचच, बोटे तीच, पण नळी भोंग्यापर्यंत चांगलीच रुंदावत जाते आणि आवाज इतका मऊ होतो की भावगीत, अभंग, संथ भजन त्यावर शोभते. लग्नात विधींच्या वेळी, लहान सभागृहात, ध्वनिक्षेपकाशिवाय वाजवायला त्याच्याइतके योग्य पितळी वाद्य नाही. त्याचा माउथपीस खोल असतो आणि वेगळाच घ्यावा लागतो. त्याचा सूर जुळवताना माउथपीसची नळीच मागेपुढे करून स्क्रूने आवळायची असते. तो स्क्रू झिजलेला नाही ना, हे घेताना पाहावे. बाकी तपासणी ट्रम्पेटचीच: तिरका दाब, स्लाइडचा पॉक, आणि टॉर्चने आतले पितळ.